भोकरदनची पांढरी आणि पॉम्पेईची यक्षी

पॉम्पेई हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. ज्वालामुखीच्या राखेखाली बघता बघता गाडले गेलेले रोमन शहर, एवढी त्याची ओळख पक्की असते. भोकरदन हे नाव मात्र आपण एसटीच्या पाटीवर वाचतो. जालन्याहून उत्तरेला साठेक किलोमीटरवर, केळना नदीच्या काठी असलेले हे तालुक्याचे गाव. तिथे बाजार भरतो, तहसील कचेरी आहे, शाळा-कॉलेज आहे. या दोन गावांची नावे एका दमात घ्यावीत असे काही कारण सहसा कुणाला सुचत नाही. पण कारण आहे, आणि ते आहे हस्तिदंतात कोरलेल्या एका वीतभर उंचीच्या बाईचे. ती सापडली पॉम्पेईत. तिच्या माहेरचा शोध घेत गेलो, तर वाट भोकरदनच्या पांढरीपाशी येऊन थांबते. आज त्या वाटेने थोडे जाऊन यावे, असे मनात आहे.

आधी पॉम्पेईकडे वळू. इटलीच्या दक्षिणेला नेपल्स नावाचे मोठे बंदर आहे. त्याच्या जवळच व्हेसुव्हिअस हा ज्वालामुखी. इसवी सन ७९ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि पायथ्याशी असलेले पॉम्पेई चार ते सहा मीटर जाडीच्या राखेखाली आणि हलक्या दगडांच्या खचाखाली गडप झाले. ही घटना ऑगस्टमधली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, तेव्हापासून शरद ऋतूकडे अभ्यासकांचा कल झुकला आहे. महिना कोणताही धरा, वर्ष मात्र ठाम आहे. त्या राखेखाली जे काही मिळते, ते इसवी सन ७९ च्या नंतरचे असूच शकत नाही. पुरातत्त्वात इतकी पक्की तारीख क्वचितच हाती लागते.

दोन वर्षांपूर्वी मला पॉम्पेई पाहण्याचा योग आला. तटबंदीच्या आतले हे शहर सुमारे ६६ हेक्टरांचे आहे. १७४८ पासून तिथे खोदकाम चालू आहे आणि तरीही सुमारे एक तृतीयांश शहर अजून मातीखालीच आहे. यातला बराचसा भाग मुद्दाम तसा राखलेला आहे. उद्याच्या लोकांजवळ आपल्यापेक्षा चांगली साधने असतील, त्यांच्यासाठी काही ठेवावे, असा त्यामागचा विचार. जिथे अगदी गरज असते तिथेच आता कुदळ लागते. नवव्या विभागात २०२३ पासून असे एक मोठे काम हाती घेतले गेले. २०२४ मध्ये तिथल्या एका भोजनगृहाच्या काळ्या भिंतींवर हेलन आणि पॅरिस यांची चित्रे निघाली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. मी गेलो तेव्हा त्या बाजूला पत्र्यांचा आडोसा होता. फटीतून दिसत होते ते मात्र अगदी ओळखीचे होते. गुडघ्यांवर बसलेली माणसे, हातात खुरपी आणि ब्रश, शेजारी घमेली, आणि प्रत्येक वस्तूबरोबर ठेवलेली एक चिठ्ठी. आपल्याकडच्या कोणत्याही उत्खननावर हेच दृश्य दिसते.

त्या चिठ्ठीवर काय असते? वस्तू नेमकी कुठे, किती खोल आणि कोणत्या मातीत मिळाली त्याचा तपशील. एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फिओरेल्ली या अधिकाऱ्याने सगळ्या पॉम्पेईला क्रमांक दिले. शहराचे विभाग पाडले, विभागात घरांचे गट केले, गटातल्या प्रत्येक दाराला आकडा दिला. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वी ओस पडलेल्या शहरातल्या कोणत्याही घराला आज पोस्टाचा असावा तसा पत्ता आहे. मी ज्या घराच्या शोधात होतो त्याचा पत्ता होता, पहिला विभाग, आठवा गट, पाचवे दार. रस्त्याच्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पाहत, दोन्ही बाजूंच्या खाणावळींच्या ओट्यांवरून नजर फिरवत मी तिथे पोचलो. दाराला जाळी होती. आत एक चौक, पडक्या भिंती, थोडे गवत. शेजारच्या बड्या वाड्यांपुढे हे घर मध्यमवर्गीयच म्हणायचे. पण त्याला आज ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात ती हस्तिदंती मूर्ती प्रकाशात आली.

मूर्ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. पाहताच वाटते, ही आपल्याकडची. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिन्यांना कमी नाही. गळ्यात माळा, कमरेला मेखला, पायांत गुडघ्यापर्यंत चढत गेलेले तोडे. हातांतल्या बांगड्यांच्या राशी पाहून मला मराठवाड्यातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायांचा कोपरावर चढणारा चुडा आठवला. दोन्ही बाजूंना तिला बिलगून दोन चिमुकल्या दासी उभ्या आहेत. त्यांच्या हातांत प्रसाधनाचे सामान आहे. नटण्याथटण्यात रमलेली श्रीमंत घरची बाई असावी, असा सगळा थाट. पहिल्या अभ्यासकांनी तिला लक्ष्मी म्हटले आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटले. पण लक्ष्मीबरोबर हत्ती असतात, हातात कमळ असते. इथे दोन्ही नाहीत. म्हणून पुढे बहुतेकांनी तिला यक्षी म्हणणे पसंत केले. मूर्तीत डोक्याकडून खाली गेलेले एक भोक आहे. त्यावरून ती देव्हाऱ्यातली मूर्ती नसून एखाद्या शोभिवंत आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा तर्क आहे. म्हणजे पूजेची नव्हे, दिवाणखान्यातली वस्तू.

ती भारतातली, यावर वाद नव्हता. पण भारतातली म्हणजे कुठली? मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, पेशावर-तक्षशिलेच्या बाजूची. त्याच सुमारास, १९३७ ते १९३९ या काळात, अफगाणिस्तानात बेग्राम येथे फ्रेंच संशोधकांना हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला होता. त्यामुळे कुणी उत्तरेकडे बोट दाखवले, कुणी मथुरेचे नाव घेतले. सांचीच्या दक्षिण तोरणावरच्या लेखात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी तिथले शिल्पकाम केल्याचे नोंदलेले आहे. म्हणून कुणाला विदिशा जवळची वाटली. दख्खनचे नाव मात्र फारसे कुणाच्या ओठांवर नव्हते. आणि ते साहजिकही होते. दख्खनमध्ये त्या काळातले हस्तिदंती काम मोजून नोंदलेल्या थरातून निघाल्याचा पुरावा कुणापुढे नव्हता.

दख्खनमधली एक हस्तिदंती बाई त्या वेळी अभ्यासकांना ठाऊक नव्हती असे नाही. तेरला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक विलक्षण गृहस्थ होऊन गेले. पावसाने उघड्या पडलेल्या, शेतात सापडलेल्या, लोकांनी आणून दिलेल्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. तेरचे शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे आणि त्यात हजारो वस्तू आहेत. त्यांतच हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती आहे. दागिने तेच, डोक्यातले भोकही तसेच. लामतुरे यांनी ती जपली नसती, तर ती कुठल्या कुठे गेली असती. त्यांचे हे ऋण मोठे आहे. पण गोळा केलेल्या वस्तूची एक अडचण असते. ती कोणत्या थरातून आली, तिच्या शेजारी कोणती खापरे होती, कोणती नाणी होती, हे विचारायची सोय उरत नाही. मग तिचे वय तिच्या रूपावरून ठरवावे लागते. आणि रूपावरून ठरवलेले वय नेहमीच थोडे वादाचे राहते.

हा थर म्हणजे काय, ते एका घरगुती उदाहरणाने सांगतो. घरात वर्तमानपत्रांची रद्दी एकावर एक साठत जाते. तळाशी सर्वांत जुना अंक, वर आजचा. मधल्या एखाद्या अंकावर तारीख फाटलेली असली, तरी त्याच्या खालचा आणि वरचा अंक पाहून आपण त्याचा महिना सांगू शकतो. गावाचेही तसेच असते. घर पडते, त्यावर माती पसरून नवे बांधतात, राख टाकतात, फुटके मडके फेकतात. पाचशे-सातशे वर्षांत गाव आपल्याच कचऱ्यावर उंच होत जाते. पुरातत्त्वज्ञ हा गठ्ठा वरून खाली एकेक पान उलगडत वाचतो. पण मधूनच कुणी चार अंक ओढून काढले, तर ते अंक हाती राहतात आणि गठ्ठ्याचा क्रम मात्र कायमचा विस्कटतो. तो पुन्हा लावता येत नाही.

आपल्या खेड्यांनी ही गोष्ट फार पूर्वी दोन शब्दांत ओळखली होती. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणकूट, हाडे, चुना हे सगळे शतकानुशतके मिसळत गेले की माती पांढुरकी होते. एखाद्या ओसाड टेकाडाला गावकरी ‘जुनी पांढरी’ म्हणत असतील, तर तिथे पूर्वी गाव होते हे पुरातत्त्व खात्याने सांगायची गरज नसते. भाषेनेच ते सांगून ठेवले आहे.

भोकरदनची पांढरी ही अशीच. तिचे जुने नाव भोगवर्धन. पुराणांनी दक्षिणापथातल्या लोकांची यादी दिली आहे, तीत भोगवर्धन येतात. सांचीच्या स्तूपाला ज्या गावोगावच्या भाविकांनी दाने दिली, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दगडावर कोरलेली त्यांची नोंद आजही वाचता येते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या केळनाकाठच्या माणसांची ये-जा विदिशेपर्यंत होती आणि तिथे आपले नाव कोरून घेण्याइतका पैसा त्यांच्या गाठीला होता. नकाशा पाहिला की कारण कळते. पैठणहून निघालेली वाट इकडून अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात जात असे. तिथून एक फाटा उज्जैन-विदिशेकडे, दुसरा भडोचच्या बंदराकडे. भोकरदन हा त्या वाटेवरचा मुक्काम.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले. नागपूरचे डॉ. शां. भा. देव आणि औरंगाबादचे डॉ. र. शं. गुप्ते यांच्याकडे त्याची धुरा होती. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १ मे १९८१ चा. भोकरदन त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ते दिवस वेगळ्याच कारणाने आठवतात. बहात्तरच्या दुष्काळाने सगळा मुलूख होरपळला होता. जो तो जमीन खणत होता तो पाण्यासाठी. अशा दिवसांत दोन विद्यापीठांची मंडळी इंचाइंचाने माती खरवडत बसली होती, ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा माग काढण्यासाठी. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्यांनी आपला अहवाल छापून प्रसिद्धही केला. उत्खननानंतर अहवालाला वीस-वीस वर्षे लागल्याची उदाहरणे माहीत असलेल्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

या उत्खननात सातवाहन काळातले एक भरलेले गाव उघडे झाले. नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि मणी. मण्यांसाठी तर भोकरदन अभ्यासकांत प्रसिद्धच आहे. अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे, काचेचे, मातीचे, कितीतरी तऱ्हांचे. आणि सातवाहन थरातच मिळाला हस्तिदंताचा तो तुकडा. मूर्ती अख्खी नव्हती. वरचा भाग गेलेला. पण जड तोडे घातलेले पाय होते आणि दोन्ही बाजूंना बिलगून उभ्या दासी होत्या. मध्ये बाई आणि दोन कडांना दासी, ही पॉम्पेईचीच मांडणी. पॉम्पेईच्या मूर्तीला इतकी जवळची बहीण तोवर कुठेच मिळालेली नव्हती.

आता या तिघींना शेजारी ठेवून पाहा. पॉम्पेईची अखेर कधी आणि कुठे मातीआड झाली हे वर्षासकट ठाऊक, पण तिचा जन्म कुठला ते ठाऊक नाही. तेरची देखणी, पण ती कोणत्या थरातली हे सांगणारे कुणी नाही. भोकरदनची तुटकी, अपुरी, प्रदर्शनात ठेवली तर लोक तिच्यापुढे थांबणारही नाहीत. पण तिच्याजवळ चिठ्ठी होती. कोणत्या चरात, किती खोल, कोणत्या खापरांच्या सोबतीने ती मिळाली, याची नोंद होती. त्या चिठ्ठीच्या बळावर तिने पॉम्पेईच्या बहिणीला माहेर मिळवून दिले आणि तेरच्या बहिणीला वय. ही घडण दख्खनची, सातवाहनांच्या मुलखातली, असे म्हणायला त्या दिवसापासून आधार मिळाला. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच कोरली गेली असावी, असे मानणारे अभ्यासक आज आहेत.

मग त्या खरोष्ठी अक्षराचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. दख्खनच्या लेण्यांतले लेख ब्राह्मीत आहेत. पण त्या वेळी भडोचच्या बाजूला राज्य होते ते क्षहरात क्षत्रपांचे, आणि नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिपी आहेत. दख्खनमधला माल क्षत्रपांच्या बंदरातून बाहेर जाताना एखाद्या व्यापाऱ्याने किंवा जुळणी करणाऱ्या कारागिराने खूण म्हणून ते अक्षर कोरले असणे शक्य आहे. मूर्ती उत्तरेकडची मानणारे त्या अक्षरावर अधिक भर देतात. वाद मिटलेला नाही. पण वाद करायला आता दोन्ही बाजूंना पुरावा आहे. १९७३ च्या आधी दख्खनच्या बाजूला तो नव्हता.

केळनेच्या काठावरून व्हेसुव्हिअसच्या पायथ्यापर्यंत ही वस्तू कशी पोचली असेल? पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची प्रवासवही आपल्याला वाट दाखवते. भडोचला तो बारिगाझा म्हणतो. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. या गावांहून गाड्यांतून, अवघड वाटांनी माल बंदराकडे येतो, असे तो नोंदवतो. बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या त्याच्या यादीत सुती कापड आहे, अकीकासारखे दगड आहेत, पिंपळी आहे आणि हस्तिदंतही आहे. आत येणाऱ्या मालात इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी. कल्याणचे बंदर मात्र त्या वेळी अडचणीत होते. तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या ओढाताणीची ही झळ. बाजारावर राजकारणाची सावली पडणे हे काही आजचे नाही.

भडोचहून वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा. आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर ही गलबते इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. वर्षाला सुमारे १२० जहाजे एकट्या म्योस होर्मोस या इजिप्तच्या बंदरातून भारताकडे निघत, असे स्ट्रॅबो लिहितो. परतल्यावर तांबड्या समुद्रावरून उंटांनी वाळवंट पार करून नाईल गाठायची, नाईलमधून अलेक्झांड्रिया, तिथून पुन्हा समुद्र आणि अखेर नेपल्सजवळचे पुतेओली बंदर. तिथून पॉम्पेई हाकेच्या अंतरावर. शेतकऱ्याच्या खळ्यावरून माल मोंढ्यात, मोंढ्यातून शहरात जावा तशी ही उतरंड. फक्त टप्पे मोठे. प्रत्येक टप्प्यावर हात बदलत, नफा वाढत वस्तू पुढे जाई.

तिकडे रोममध्ये या खरेदीवर कुरकुर चालू होती. प्लिनी या लेखकाने हिशेबच मांडला. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार. त्या काळी रोमन सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. म्हणजे पंचावन्न हजारांवर शिपायांचा वर्षभराचा पगार मिरे, मलमल, मणी आणि हस्तिदंत यांवर जात होता. नियती कशी असते पाहा. हा प्लिनी आरमाराचा अधिकारी होता. व्हेसुव्हिअस फुटला तेव्हा लोकांना वाचवायला तो जहाजे घेऊन निघाला आणि पॉम्पेईपासून जवळच, किनाऱ्यावर त्याला मृत्यूने गाठले. ज्या चैनीवर त्याने टीका केली, तिचा एक वीतभर नमुना त्याच राखेखाली एका घरात पडून होता.

पॉम्पेई पाहून आल्यावर त्याच वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, मी भोकरदनला गेलो. पॉम्पेईत तिकीट होते, नकाशा होता, प्रत्येक दाराला आकडा होता. इथे यातले काही नाही, आणि त्याचा दोष कुणाला देण्यातही अर्थ नाही. पॉम्पेई मेलेले शहर आहे. भोकरदन जिवंत आहे. एका रात्रीत कुणी ते सोडून गेले नाही. सातवाहनांनंतर राष्ट्रकूट काळात नदीकाठच्या खडकात लेणे कोरले गेले, ते आजही तिथे आहे. माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच पांढरीवर राहत आली. जिवंत गावाला घर बांधावे लागते, पाया खणावा लागतो, नळाची चारी काढावी लागते. आणि मराठवाड्यात पांढरीच्या मातीला आणखी एक मागणी होती. धाब्याच्या घरांच्या छतावर ती घालत, कारण ती पाणी धरून ठेवते, गळू देत नाही. काळीत खत म्हणूनही ती जाई. गाड्या भरभरून इतिहास छतांवर चढला आणि शेतांत विरघळला. नेणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते. डोक्यावर छप्पर हवे होते.

गावाच्या कडेला एका ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. मी काय पाहत फिरतो आहे, अशी त्यांनी चौकशी केली. मी म्हणालो, ‘‘जुनी पांढरी बघायला आलोय, आजी.’’ त्या हसल्या. ‘‘तिच्यावरच तर बसलो आपण. पहिला पाऊस झाला का मणी उघडे पडायचे. आम्ही लेकरं येचून आणायचो. फ्रॉकाच्या ओच्यात घेऊन फिरायचो.’’ मी विचारले, ‘‘त्यांचं करत काय होतात?’’ ‘‘काय करायचं? दोऱ्यात ओवायचे. गाईच्या वासराच्या गळ्यात बांधायचे. दिष्ट लागत नाही म्हणायची माझी माय.’’ मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘‘त्याला काही किंमत असती का हो, सर?’’

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना तिथे जसे सांगितले, तसेच इथे सांगतो. एकट्या मण्याला बाजारात फारशी किंमत नाही. पण तो मणी कुठे, कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी मिळाला हे सांगता आले, तर त्याची किंमत करता येत नाही. कारण मग तो मणी तिथे पाथरवटांचा कारखाना होता का, दगड कुठून येत होता, माल कोणत्या दिशेला जात होता, हे सांगू लागतो. आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजी जागा सांगितली पायजे.’’ पुरातत्त्वशास्त्राची व्याख्या मी इतक्या कमी शब्दांत कुठे वाचलेली नाही.

आपल्याकडे खोदकाम करणाऱ्याला पहिला प्रश्न असतो तो सोन्याचा. गुप्तधनाच्या हव्यासाने रात्री-बेरात्री टेकाडे उकरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा एका रात्रीच्या खड्ड्यात मिळते काय, तर चार खापरे. आणि जाते काय, तर त्या टेकाडाचा सगळा क्रम. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिल्याचे लेख आहेत. हे सगळे दुवे आहेत आणि ते जोडले गेले, कारण कुणीतरी जागा नोंदवली होती. न नोंदवलेले असे किती दुवे छतांवर, शेतांत आणि भंगाराच्या दुकानांत गेले असतील, ते मोजायला आता काही साधन नाही.

म्हणून शेवटी अगदी व्यवहाराचे दोन शब्द. घराचा पाया, विहीर, शेततळे, रस्ता, काहीही खणताना वेगळी खापरे, जाड विटा, मणी, नाणी, मूर्ती दिसल्या, तर पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवावा. वस्तू उचलण्याआधी ती आहे तिथेच तिचे छायाचित्र घ्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जमिनीपासून किती खोल, कुणाच्या गटात, नदी-रस्त्यापासून किती अंतरावर, एवढे कागदावर लिहावे आणि तारीख घालावी. मग तलाठ्याला, तहसीलदाराला कळवावे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. शाळेतल्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. पहिला पाऊस झाला की मुलांना आपल्या गावच्या पांढरीवर एकदा घेऊन जा. त्यांना काही खणू देऊ नका, उचलू देऊ नका. नुसते पाहायला आणि कुठे काय दिसले ते वहीत मांडायला शिकवा.

जालना जिल्ह्यात आणि एकूणच गोदावरीच्या खोऱ्यात पांढरी नसलेले जुने गाव शोधून सापडणार नाही. यांतल्या फारच थोड्या टेकाडांना आजवर शास्त्रशुद्ध खुरपी लागली आहे. भोकरदनला १९७३ मध्ये चार चर खणले, त्यात हाती आलेल्या एका तुटक्या तुकड्याने हजारो मैलांवरच्या एका मूर्तीची ओळख बदलली. ज्या टेकाडांना कुणी अजून हात लावलेला नाही, त्यांत काय असेल ते पुढच्या पिढीला वाचता यावे, एवढी सोय आपण ठेवली पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. आजी म्हणाल्या तशी जागा सांगितली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)